राहून गेलेली असीस

खोटं कशाला बोलू, ते समूहगान माझं आहे असं सगळे म्हणाले आणि मी खुशाल मान डोलावली.

तेव्हा आम्ही भिलाईत, हुडको कॉलनीत राहायचो. नवरा स्टील प्लांटमध्ये क्लार्क, आणि मी मराठी मंडळातल्या बायांना गाणं शिकवायची. संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी मला काहीतरी नवं हवं होतं. भुलाबाईची गाणी झाली होती, दरवर्षी तीच ती! आमच्याकडे भांडी घासायला जवळच्या उतई गावची एक बाई यायची. तिच्या गावच्या बाया दिवाळीआधी टोपलीत मातीचा पोपट, त्यांचा सुवा, घेऊन दारोदार जायच्या. टोपलीभोवती वाकून, टाळ्या वाजवत सुवागीत म्हणायच्या. एक ओळ अर्ध्या जणींची, तीच ओळ पुन्हा उरलेल्यांची. घरची बाई सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली की शेवटी या बाया त्या घराला असीस गायच्या, म्हणजे आशीर्वाद.

महिनाभर भांडी आटोपल्यावर ती मला ते शिकवत राहिली. चाल तिची, शब्द तिचे. मी फक्त वर आवाजांचे दोन थर चढवले. पहिली ओळ स्टेजवर तूच म्हणायची, असं मी तिला कबूल केलं. तिने लग्नातलं लुगडं धुऊन ठेवलं.

तालमीत तिचा आवाज हार्मोनियमच्या पट्टीत काही बसेना. उंच, मोकळा आवाज. आमच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. माझं डोकं फिरलं. फिरायला त्यांच्यावर हवं होतं, पण मी तिलाच म्हटलं, "स्टेजवर फक्त मंडळाच्या मेंबर असतात गं. तू समोर बसून ऐक." साफ खोटं! असा काही नियमच नव्हता.

तिचा चेहरा उतरला. जाताना एवढंच म्हणाली, "असीस बिना झन छोड़हू, बाई." असीस दिल्याशिवाय गाणं सोडू नका. मी हो म्हटलं, आणि असीसच कापली. गाणं लांबत होतं ना!

टाळ्या पुष्कळ पडल्या. ती मागच्या रांगेत तेच लुगडं नेसून बसली होती. परतताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "तिले कावून नाही घेतलं वं? गाणं त तिचंच होतं."

"तुम्हाला गाण्यातलं काय समजते?" मी फटकन बोलले. लाज वाटली, पण सासूबाईंसमोर कबूल करायची नव्हती.

त्यानंतर ती कामाला येत राहिली आणि मी तिची नजर चुकवत राहिले. एक दिवस ही तोंडावर बोलणार, ही धास्ती मनात घेऊनच मी तिला चहा द्यायची.

दिवाळीआधी तिच्या गावच्या बाया आमच्या गल्लीत आल्या. टोपली पहिल्यांदा आमच्याच दारात ठेवली. मी सूप भरून आणलं, तर त्यांनी गाणं म्हटलंच नाही. ती एकटी पुढे झाली आणि थेट असीस गायला लागली. घराला, सासूबाईंना, माझ्या दोन्ही लेकरांना, एकेकाला. तोच उंच, मोकळा आवाज.

मी विचारलं, "आणि गाणं?"

तिच्या छत्तीसगढीत ती म्हणाली, गाणं तर तुम्ही त्या दिवशी म्हटलं, बाई. असीस राहिली होती. अर्धं सोडलेलं गाणं तुमच्या लेकरांना भोवेल, म्हणून मला इतके दिवस झोप नव्हती.

मी सुपातला तांदूळ तिच्या टोपलीत ओतला. "चुकलं माझं," एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.