गप रव

उजव्या हाताचं बोट वर करायचं आणि म्हणायचं, “गप रव.” अंकलना आठवलं की आधी ते बोट आठवतं. गाणं लागलं की त्यांच्या खोलीत पंखा बंद, खिडक्या बंद, आपलं तोंडही बंद. मिठबावच्या मे महिन्यात घामाने निथळत मी कितीतरी गाणी ऐकली आहेत. पाहुणचार म्हणायचा की शिक्षा, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

ते आमचे शेजारी. उभा जन्म बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढला आणि परतताना लोकांनी सोनंनाणं आणलं तिथे यांनी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, कपाटाएवढे दोन स्पीकर आणि स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या कोपऱ्यांत पेंढ्याने भरलेली पोती उभी केली. नवखा माणूस विचारायचा, म्हस खंय आसा? खाऱ्या हवेने तारा खराब होतात म्हणून दर शनिवारी ते कापसाने एकेक जोड पुसत बसायचे. माझ्या मोबाइलवरच्या गाण्यांना ते गाणी मानतच नसत. म्हणायचे, “ह्यो गाण्याचो नुसतो वास, बाय. जेवाण खंय आसा?”

आंटी, म्हणजे त्यांची बायको, चर्चमध्ये गायची. मी लग्न होऊन इथे आले त्याच्या आधीच ती गेली. जगभरचे आवाज जमवणाऱ्या या माणसाकडे तिचा आवाज एकाच टेपवर होता, तोही नवा माइक तपासताना चुकून आलेला. आडाळ्यावर नारळ खवता खवता ती गुणगुणतेय. रविवारी चर्चमधून आले की अंकल ती टेप लावायचे आणि दर वेळी एका ठरावीक जागी हात पुढे करून बंद करायचे. पुढे काय आहे, हे मी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे मडगावला गेले. जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली. टेपांच्या कपाटात ओल येऊ नये म्हणून एक बल्ब कायम पेटता असायचा, त्यावर लक्ष ठेवायचं. त्या एका टेपचा डबा हातात घेऊन ते एवढंच म्हणाले, “हेका ओल लागाक देव नको.”

आठवड्यात वादळ झालं आणि चार दिवस वीज गेली. कपाटाला आतून घाम फुटला. मी शहाणी. आमच्या चुलीवर टांगलेली फळी आहे, बियाणं, आमसुलं, खारे बांगडे पावसाळाभर तिथेच कोरडे राहतात. तो डबा मी तिथे नेऊन ठेवला आणि अंकल येईपर्यंत हलवला नाही. मला वाटलं, यापेक्षा कोरडी जागा अख्ख्या वाडीत नाही.

त्यांनी डबा उघडला आणि नाकाशी नेला. टेपचे वरचे फेरे उष्णतेने आकसून एकमेकांना चिकटले होते. नखाने सोडवत सोडवत त्यांनी ती मशीनवर चढवली. नुसती खरखर. आंटीचं गाणं तिथेच होतं, त्या वरच्या फेऱ्यांत. मग आतला भाग सुरू झाला, अगदी स्वच्छ, आणि अंकलचाच तरुण, वैतागलेला आवाज आला.

“गप रव गो. टेप चालू आसा.”

त्यानंतर आडाळ्याचाही आवाज नव्हता.

मी रडत माफी मागत होते. अंकल फिरत्या स्पूलकडे बघत राहिले. “इतकी वर्सां मिया हेच्या आदीच बंद करी होतंय,” ते म्हणाले.

ते मशीन त्यांनी पुन्हा लावलं नाही. सकाळी मी नारळ खवायला बसले की आमच्या मागच्या पायरीवर येऊन बसायचे. मला गाता येत नाही, त्यांनी गा म्हणून सांगितलंही नाही. माझा हात अडला तर फक्त म्हणायचे, “थांबा नको.”

आंब्याला मोहोर आला त्या दिवसांत ते गेले. त्यांचं घर बंद आहे. तो आवाज माझ्या हातून गेला, हे मला अजून पचलेलं नाही.

परवा करवंटीत खोबरं उरलं नव्हतं तरी मी खवत होते. नवऱ्याने दारातून विचारलं, हे काय चाललंय? मी बोट वर केलं.