कोंडीबाच्या गावाला पाय ओढत

जालन्याला बसमध्ये चढलो, पण डावी वहाण खाली रस्त्यावरच राहिली. मला कळलेही नाही. कंडक्टरने ती आणून दिली. "आजोबा, हिचं बी तिकीट फाडू का?"

साथीचा ताप उतरून तीन महिने झाले होते, तरी डावे पाऊल उचलत नव्हते. तळव्याला मुंग्या येत. "ताप जातो, पण नसा दुखावून जातो," डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मला कोंडीबा आठवला आणि झोप उडाली.

निजामी अमलात मी मोजणीदार होतो, कोंडीबा माझा साखळीवाला, जमीन मोजायची साखळी ताणून धरणारा. अशाच तापातून उठल्यावर तो पाय ओढू लागला आणि शेतातली साखळी सैल पडू लागली. मी दफ्तरात उर्दूत लिहिले, 'काहिल' (आळशी). त्याचे काम गेले.

भोकरदनच्या वाटेवर दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी होती. केदारखेड्याला उतरून पारावर विचारले, "कोंडीबा साखळीवाले कुठे राहतात?"

"काहिलाचं घर व्हय? त्या लिंबापल्याड."

म्हणजे माझा शब्द दफ्तरातून निघून इथवर पोचला होता.

कोंडीबा ओसरीवर दोरी वळत होता. मला येताना पाहून खदखदून हसला. "साहेब, बराबर माझ्यावानी चालून राह्यले की! कुनी शिकवलं?"

"तापाने," मी म्हणालो. "तू आळशी नव्हतास, कोंडीबा. मी चूक लिहिले."

त्याची बायको पिठलं-भाकरी घेऊन आली होती. ताट ठेवता ठेवता म्हणाली, "हे सांगायला धा वर्सं? मंग काहिल कोन, साहेब?"

मी खाली मान घालून भाकरी मोडली.

"मला सांगून काय फायदा?" कोंडीबा म्हणाला. "मला ठावंच व्हतं. गावाला सांगा. काहिलाची पोर म्हनून दोन पाहुने परत गेले. बुधवारी तिसरे येनार हायेत. ते बी आधी गावातच इचारतील."

जेवण आटोपताच त्याने मला उठवले. आम्ही घरोघरी निघालो, दोघेही डावा पाय ओढत. प्रत्येक दारात मी तेच सांगितले. एक म्हातारी म्हणाली, "कोंडीबा, जोडीदार बरा गावला!" पण मग तिने सुनेला हाक मारली आणि मला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले.

सोळा घरे झाली आणि परतीची बस आली. तो शब्द लिहिताना मी खुर्चीतून उठलोही नव्हतो. उरलेल्या घरांसाठी सोमवारी पुन्हा जायचे आहे. पायाला अजून सांगितलेले नाही.