शेवटचा कंटेनर जाईपर्यंत

लहानूचा दिवस पहाटे सव्वातीनला सुरू व्हायचा. गजर लागत नसे. चार वाजता आडगाव नाक्यावर टेम्पो यायचा आणि तो कोणासाठी थांबायचा नाही. पाचच्या आत पिंपळगाव बसवंतच्या कोल्ड स्टोरेजवर हजर व्हायचं आणि द्राक्षांच्या पेट्या थंड खोलीतून काढून कंटेनरमध्ये रचायच्या. बाहेर ऊन, आत शून्य अंश, आणि दिवसभर आत-बाहेर.

तिथे एक नियम होता. खोलीचं दार लावण्याआधी तीनदा हाक मारायची, "आत कोण हाय?" आणि प्रत्येक हाकेनंतर थांबायचं. शहाण्णव साली घाईच्या एका दिवशी लहानूने एकच हाक मारली आणि कडी घातली. त्याचा जोडीदार सावळीराम थप्पीमागे होता. पंख्यांच्या आवाजात त्याला हाक ऐकू गेली नाही. पाच तासांनी तो सापडला. जीव वाचला, पण छाती कायमची अधू झाली. मालकाने त्याला गेटवर बसवलं.

"लहान्या, तुझ्यामुळं खुर्चीची नोकरी लागली बघ," असं सावळीराम खोकत खोकत म्हणायचा. बाकीचे हसायचे. लहानू मात्र त्यानंतर तिन्ही हाका मारू लागला, खोली रिकामी दिसत असली तरी.

घरी तो आणि मुलगी पूजा, दोघंच. पूजाचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला. ती बी.ए. झाली. इंग्रजी चांगलं, टायपिंग त्याहून चांगलं. पण नोकरीला जायचं तर हिरावाडीतून दोन रिक्षा बदलाव्या लागत आणि जिने चढावे लागत. तीन ठिकाणी तिने प्रयत्न केला. तिन्ही ठिकाणी जिना आडवा आला. मग दोन हजार आठ साली एका कंपनीने तिला घरबसल्या काम दिलं. परदेशी डॉक्टरांचं बोलणं कानाला लावून ऐकायचं आणि पेशंटचे कागद टाइप करून पाठवायचे. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तिचा पाय पाहिला नव्हता.

फोन बाहेरच्या खोलीत होता, जुना कॉम्प्युटर आतल्या. सुरुवातीला इंटरनेटची वायर उंबऱ्यावरून टाकली होती. चौथ्या दिवशी पूजा तिच्यात अडकून पडली. म्हणून वायरलेस घ्यायचं ठरलं. फेब्रुवारीतल्या सुट्टीच्या दिवशी अमित नावाचा तंत्रज्ञ टेलिफोन कंपनीचा भाड्याचा राउटर घेऊन आला.

त्याने डब्बा जोडला, पडद्यावर एक यादी उघडली आणि मान हलवली.

"काका, यात कुलपं आहेत, एकाहून एक पक्की. डब्ल्यूपीए-टू सगळ्यात भारी. पण तुमच्या कॉम्प्युटरचं वायरलेस कार्ड जुनं आहे, ते फक्त डब्ल्यूईपी ओळखतं. ते लावलं तर आत्ता चालू होईल."

"मंग लाव."

"लावतो. पण ते नावाचं कुलूप आहे. जवळपास बसून कोणी मनावर घेतलं तर अर्ध्या तासात उघडतो. नवीन कार्ड घ्या, बाराशेला येईल."

पूजा म्हणाली, "आप्पा, कंपनीच्या कागदावर मी सही केली आहे. पेशंटची माहिती असते, म्हणून पक्कंच लावायचं असं लिहिलंय त्यात."

हंगाम चालू असताना घरात नवी वस्तू आणायची नाही, ही हमालांची रीत. शेवटचा कंटेनर रवाना झाला की मुकादम हंगामाची मजुरी हातात ठेवायचा, तोवर लागेल तेवढीच उचल. ज्याने ही रीत मोडली त्याचा हंगाम बुडाला, असं सगळे मानत. लहानूही मानायचा.

"एप्रिलात घेऊ," तो म्हणाला. "दोन महिन्यांत कोण येतंय आपल्या घरात शिरायला? घरात हाय काय?"

"तुमच्या घरात नाही शिरायचं त्यांना," अमित म्हणाला. "तुमच्या घरातून बाहेर पडायचं असतं."

लहानूला ते कळलं नाही. त्याने विचारलंही नाही. पूजाने पुन्हा विषय काढला नाही, कारण काम त्याच दुपारी सुरू झालं होतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लहानू कामावरून परतला तेव्हा दारात दोन पोलीस उभे होते. शहरातल्या एका बाईला घाणेरड्या धमक्यांचे ईमेल आले होते आणि ते याच घरच्या जोडणीवरून गेले होते.

"तुमच्याकडे कॉम्प्युटर कोण वापरतं?"

"मी," पूजा म्हणाली.

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीला टेकवलेल्या कुबडीकडे. आवाज चढवला नाही. पण कॉम्प्युटर तपासाला न्यावा लागेल, असं सांगितलं. पंचनामा झाला. तिच्या टेबलावर धूळ नसलेला एक चौकोन उरला.

कंपनीला तिने स्वतःच फोन केला. लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. पलीकडच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, सिक्युरिटी कोणती ठेवली होती. पूजाने खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी काम बंद झालं.

लहानू गेटवर सावळीरामशेजारी जाऊन बसला आणि सगळं सांगितलं. सावळीराम बराच वेळ खोकत राहिला.

"एकच हाक मारलीस म्हण की," तो शेवटी म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

एप्रिलच्या एकोणीस तारखेला शेवटचा कंटेनर गेला. मजुरी खिशात घालून लहानू टेम्पोत न बसता बसने थेट शहरात गेला आणि महात्मा गांधी रोडवरच्या दुकानातून ते कार्ड घेतलं. पेनाच्या टोपणाएवढं. घरी आणून रिकाम्या टेबलावर ठेवलं. पूजाने खोकं उघडलं नाही.

ईमेल पाठवणारा मागच्या गल्लीत भाड्याने राहणारा निघाला; ते नावाचं कुलूप उघडून तो याच जोडणीत शिरला होता. लहानूच्या घरावरचा संशय गेला. कॉम्प्युटर मात्र दिवाळीनंतर परत मिळाला. अमितने कार्ड बसवलं, यादीतलं डब्ल्यूपीए-टू निवडलं, पूजाला लांबलचक पासवर्ड घालायला लावला. पहिल्याच प्रयत्नात जोडणी लागली.

"आता पक्कं झालं," अमित म्हणाला. "काम कधीपासून?"

"माझ्या जागी नागपूरची मुलगी घेतली," पूजा म्हणाली.

अमितने पैसे घेतले नाहीत. लहानूने दार लावण्याआधी खोलीकडे एकदा पाहिलं. राउटरवरचा दिवा हिरवा होता. त्या हंगामाच्या मजुरीतून घरात ते कार्ड, एवढी एकच वस्तू आली.