न वाजलेला भोंगा
उकडलेल्या धानाचा वास आला, की मला तुमसरची ती गिरणी आठवते. बॉयलरचा दाब वाढला की भोंगा वाजवणारा प्रोग्राम तिथल्या लिनक्स कॉम्प्युटरवर होता. मी फक्त प्रिंटर जोडायला गेलो होतो. आवारात दुपारच्या उन्हात बाया वाफाळतं धान पसरवत होत्या. भट्टीवरचा म्हातारा खुशीत म्हणाला, "आज भोंगा वाजलाच नाही जी, मस्त चालून राहिलं." मी स्क्रीन पाहिली. सकाळी सिस्टीम अपडेट झाली होती. भोंग्याचं काम करून गेलेल्या इंजिनिअरने तो प्रोग्राम सिस्टीमच्याच फोल्डरमध्ये ठेवला होता आणि अपडेटने तो पुसून टाकला होता. "भट्टी विझवा!" मी ओरडलो. "काहून जी?" म्हणत त्याने दाबाच्या काट्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. काटा लाल पट्ट्यात थरथरत होता. त्याने बायांना दूर पिटाळलं, आम्ही निखारे ओढून काढले. दाब उतरेपर्यंत आम्ही काट्यावर नजर ठेवून होतो. मग मी तो प्रोग्राम गिरणीत ठेवलेल्या सीडीवरून ऑप्ट नावाच्या फोल्डरमध्ये नव्याने बसवला. ती जागा बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरसाठीच असते, अपडेट तिला हात लावत नाही. गिरणीच्या मालकाने त्या इंजिनिअरला फोन लावला. "मी तर साऱ्या गिरण्यांत सिस्टीमच्याच फोल्डरमध्ये ठेवतो जी," तो सहज म्हणाला. त्या साऱ्या गिरण्या कोणत्या, हे मला आजही पुरतं ठाऊक नाही.