वाऱ्याच्या खालच्या अंगाला

बाहत्तरच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी सुप्याहून पुण्याच्या एसटीत बसले, तेव्हा आई खिडकीचा गज धरून रडत होती, धाकटा भाऊ भिवा तिचा पदर धरून रडत होता आणि आबा रस्त्यापलीकडे मेंढरांत उभे होते. ते जवळ आलेच नाहीत. गाडी हलली तसा धुरळा उठला. त्यात आधी मेंढरं विरली, मग आबांचं तांबडं मुंडासं. अजूनही अर्धवट झोपेत मला तो धुरळा दिसतो आणि आत कुठंतरी घंट्या वाजत असतात.

आदल्या दिवशी आईनं माझ्या ट्रंकेत आमच्याच लोकरीचं घोंगडं ठेवलं होतं. आबांनी ते काढून घेतलं.

"लेकीला येक घोंगडं बी द्यायचं न्हाई व्हय?" आई भडकली.

"वरीसभर हितलं काय बी नगं," आबा म्हणाले. "आन् आमी बी कुनी जायाचं न्हाई."

मला असा राग आला की पाया पडताना मी वर बघितलंच नाही. बाप आहे का दगड, असंच वाटलं.

भिवा, तुला चांदी आठवते का? तू तेव्हा फार लहान होतास. दूध तुटायच्या बेतातलं ते पिलू आबांनी टाकळीकडच्या तुकामामांच्या कुत्रीचं आणलं होतं. आमच्या एका मेंढीचं कोकरू गेलं होतं. आबांनी तिचं दूध पिलाच्या पाठीला, कानांना चोळलं आणि मेंढरांभोवती रात्री लावतात त्या जाळीत, वाघरीत, तिच्यापाशी सोडलं. मेंढीनं दोनदा ढुसणी दिली, तिसऱ्यांदा हुंगलं आणि गप्प राहिली. चांदीचं खाणं तिथंच, झोपणं तिथंच. मी एकदा तिला मांडीवर घेतलं, तर आबा केवढ्यांदा ओरडले!

"मान्साचा लळा लागला, तर लांडगा आल्यावर मान्साकडं पळंल. मेंढरांचा लागला, तर मेंढरांम्होरं हुभी ऱ्हाईल."

तुकामामा पिलू कसं आहे ते बघायला आले, तर आबांनी त्यांना मेंढरांच्या वाड्यावर येऊ दिलं नाही. म्हातारा लांब बांधावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहिला. चांदी कोकरांत लोळत होती. त्यानं पोटभर बघून घेतलं आणि चहासुद्धा न घेता माघारी गेला. मला फार वाईट वाटलं. आबा म्हणाले, "त्येंचा वास आला, तर पिलू जाळी तोडून मागं जाईल. मंग ना तिथलं, ना हितलं."

पुढं एकदा दिवस मावळताना माळावर दोन लांडगे आले. आम्ही ओरडत होतो, पण चांदीनं आमच्याकडं वळून पाहिलं नाही. मेंढरांकडं पाठ करून ती तशीच उभी राहिली. लांडगे लांबून फिरले आणि ओढ्यात उतरून गेले. आबांनी तेव्हाही तिला थोपटलं नाही, नुसतं नाक शिंकरलं.

पिंपरीत आमची एक खोली होती, चाळीत. सकाळी कंपनीचा भोंगा व्हायचा, आमचे मालक डबा घेऊन पळायचे, सासूबाई मोजकंच बोलायच्या. स्टोव्ह कसा पेटवायचा तेही मला माहीत नव्हतं. भिंती इतक्या जवळ, की पहिले काही दिवस मी श्वास धरूनच झोपायचे. पंचमी आली, चाळीतल्या सुनांना न्यायला भाऊ आले, बाप आले. माझा मुराळी नाही. दिवाळी आली, तरी नाही. मी दारात उभी राहून शिणले. गावाकडं दुष्काळ होता, हे कळत होतं. पण दुष्काळात माणसं लेकीला विसरतात का?

दिवाळीनंतर एकदा नळावर शेजारच्या शांताबाईंनी विचारलं, "तो घोंगडीवाला म्हातारा तुमच्याकडचा का हो? नळापलीकडं चिंचेखाली येऊन उभा राहतो. मी हटकलं, तर म्हणाला, काय न्हाई बाई, पिलू रमलं का बघतोय."

मी कळशी नळाखालीच टाकली. चाऱ्यापायी आबांनी मेंढरं इंद्रायणीकाठी आणली होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी धावत चिंचेपाशी गेले. तिथं कुणी नव्हतं. वारा नळाकडून चिंचेकडं वाहत होता.

पुढच्या खेपेला मला लांबूनच मुंडासं दिसलं. पळत जाऊन गळ्यात पडावं, असं काळीज ओरडत होतं. पण मी मान वर केली नाही. शांताबाईंना म्हटलं, काहीतरी बोला हो, हसण्यासारखं. त्यांनी सासूची नक्कल केली आणि मी हसले. आधी आबांसाठी हसले. मग खरोखरच हसू आलं, आवरेना. डोळे पुसून बघितलं तर चिंचेखाली कुणी नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा सासूबाईंना विचारलं, रात्री भाकरी कशाची टाकू?

वर्ष सरलं आणि आबा दारात आले, काखेत तेच घोंगडं. म्हणाले, "घे. आता वास आला तरी चालतोय."

आता सुप्याच्या माळावर कारखाने आहेत. मेंढरं नाहीत, लांडगे नाहीत, आबाही नाहीत. भिवा, तू फोनवर सारखा म्हणतोस, "आक्का, म्हातारपनी घरी ये की." पण घर म्हटलं, की मला ना माळ दिसतो ना ही खोली. दिसते ती चिंच. ती रस्त्यात गेली, तरी मी संध्याकाळी नळ होता तिथं जरा थांबते, वारा कुठला आहे ते बघते आणि त्याच्या खालच्या अंगाला मान न वळवता उगाच हसते.