रिकाम्या तांब्याखालची ओंजळ

सरांनी तांब्या माझ्यापुढं कलता केला आणि माझे हात आपोआप वर आले. तळवे जुळले, मान वाकली, ओंजळ तोंडाशी. ओठसुद्धा पुढं काढले होते मी.

तांब्या रिकामा होता.

वर्ग हसला. सर म्हणाले, "बघा. घंटा वाजली की धड्यातल्या त्या कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तसंच हे. यात विचार नाही. नुसती सवय."

बेळगावात मास्तरकीचं ट्रेनिंग घ्यायला आलो होतो. तास मानसशास्त्राचा. मी सदलग्याच्या गावकुसाबाहेरचा, म्हणून शेवटच्या बाकावर एकटा. सर "तू ये रे पुढं" म्हणाले तेव्हा टोपी सारखी करून, छाती काढून गेलो. वाटलं, माझा निबंध आवडला असणार. एवढा मी शहाणा.

खरी फजिती पुढंच. सगळ्यांबरोबर मीही हसलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणाबरोबर तरी हसत होतो, बरं वाटत होतं. मग बाकीचे थांबले. मी एकटाच हसत राहिलो.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात गेलो. भरमाप्पा शिपाई माठातलं पाणी रोज माझ्या ओंजळीत वरून ओतायचा. बाकीचे आपल्या हातानं बुडवून घ्यायचे.

"धर की रं," तो म्हणाला.

त्यानं म्हणायच्या आधीच हात वर आले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे. खाली घेतले.

"न्हाय आप्पा. पेल्यानं पिणार."

"खुळा हैस काय? माठ बाटंल."

"मग ऱ्हाऊ दे."

खोलीवर आलो. आता ही सवय मोडायची. पण तांब्या कलता करायला दुसरं माणूस लागतं, आणि माझ्या खोलीत माणूस कुठलं यायला? शेवटी तांब्या आढ्याला टांगला, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली. अंगठा ओढला की धार पडायची. हात मांडीवर दाबून बसायचं. हात उठायचेच. पुन्हा भर, पुन्हा ओढ. अंथरूण भिजलं, टोपी भिजली. कुत्राही मीच, घंटा वाजवणाराही मीच. हसायला आलं, पण शेजारी हसायला कुणी नव्हतं.

हात मांडीवर राहायला लागले तेव्हा मला रडू आलं.

पुढं दुसऱ्या तुकडीला तोच धडा होता. सरांनी मला बोलावलं. तांब्या कलता केला. हात खालीच.

"अरे, धर ना."

"सवय मोडते कशी, ते कुठल्या धड्यात आहे, सर?"

"आपल्या वर्गात जा."

वर्गात गेलो नाही. व्हरांड्यात आलो, माठावरचं झाकण काढलं, माझा पेला आत बुडवला आणि उभ्यानं प्यालो.

"मेलास की रं," भरमाप्पा म्हणाला. हळूच म्हणाला.

तासाभरात माठ अंगणात फुटला. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, पुन्हा असं केलंस तर नाव काढून टाकीन. त्या दिवसापासून माझ्या पुढच्या बाकावरही कुणी बसेना.

दुसऱ्या सकाळी नवा माठ आला. मी पेला बुडवला.

नाव काढायचं तर काढा. माठ फोडायचे तर फोडा. बेळगावच्या कुंभारांची माती संपेपर्यंत मी बुडवत राहणार.