क्रोमियमऐवजी आयोडीन

बी.एस्सी.च्या मंडळींनो, वाशीच्या सायबर कॅफेत बसून ही मेल ग्रुपवर टाकतेय. दुपारपासून एकच विचार डोक्यात आहे.

आमच्या लॅबमध्ये अल्कोहोलपासून अल्डिहाइड करायला क्रोमियम वापरतात. मागे विषारी तपकिरी गाळ उरतो. आज मी आणि माझ्या सहकारी मंदाने त्याऐवजी आयोडीनचं संयुग वापरून पाहिलं. आयोडोबेंझॉइक आम्लावर पोटॅशियम ब्रोमेटची क्रिया करून ही पांढरी पूड आम्हीच बनवली होती. एरवी एका बंधावर भागवणारं आयोडीन तिच्यात ऑक्सिजनला जास्तीच्या बंधांनी धरून असतं, आणि तो सोडताना अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करतं. न तापवता स्वच्छ अल्डिहाइड मिळालं. आम्ही दोघी अक्षरशः नाचलो.

आमचे लॅबप्रमुख सर मात्र म्हणाले, "ही पूड तापली किंवा दणका बसला तर फुटते. लफडं नको. क्रोमियमने कधी कुणाचा हात गेलाय का?"

मंदा खाडीकाठच्या सारसोळ्याची. ती हळूच म्हणाली, "सर, माझे बाबा अजून खाडीत जाळं टाकतात. आपला गाळ शेवटी कुठे जातो, कधी विचारलंय आपण?"

सरांनी पुडीची बाटली हलकेच बाजूला ठेवली. मग म्हणाले, "थोडी थोडीच बनवा, जाड काचेच्या आडून. आणि धातूचा चमचा लावायचा नाही."

मंदाचं पटलं, पण सरांची भीतीही खोटी नाही. उद्या ती पूड मलाच हाताळायचीय. तुमच्यातले बरेच जण कारखान्यांत आहात. आपल्याला दिसणारा धोका टाळताना न दिसणारा दुसऱ्याच्या वाट्याला जातो, असं तुमच्याकडेही होतं का?